आधी सभागृह, मग वीज : ग्लेनकोलमकिल गावाचा प्रकरण अभ्यास

किलिबेग्स हे आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं मासेमारीचं मोठं बंदर. तिथून पश्चिमेचा रस्ता धरला की कॅरिक गाव लागतं, मग पीटचा, म्हणजे खणून जळणाला वापरतात त्या कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा, काळपट, ओला माळ, आणि पंचवीसेक किलोमीटरवर रस्ता एकदम दरीत उतरतो. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये दगडी बांधांनी आखलेली शेतं, तोंडाशी अटलांटिक. हे ग्लेनकोलमकिल, म्हणजे कोलमकिलची दरी. सहाव्या शतकात होऊन गेलेल्या या संताच्या नावाने 9 जूनला गावकरी दरीतल्या पंधरा ठिकाणांची फेरी करतात, कित्येक जण अनवाणी. काउंटी, म्हणजे जिल्हा, डॉनेगॉल. सरकारदरबारी हा भाग गेल्टाख्टमध्ये मोडतो, म्हणजे आयरिश भाषा बोलणाऱ्या पट्ट्यात.

गावातल्या सेवांचा विचार करताना भूगोलातली एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. ग्लेनकोलमकिल कुठल्याही दोन गावांच्या मध्ये नाही. ते शेवटचं आहे. विजेची तार, टपालगाडी, बस, डॉक्टरची फेरी यांतलं काहीही जाता जाता इथे पोहोचत नाही. जे यायचं ते खास या गावासाठीच यावं लागतं, आणि खर्चाच्या वहीत तो शेवटचा तुकडा नेहमीच सगळ्यांत महाग दिसतो. पुढची सगळी कथा या एका अडचणीभोवती फिरते.

1951 ची स्थिती

1951 साली फादर जेम्स मॅकडायर या गावात धर्मगुरू म्हणून आले. ते डॉनेगॉलचेच, ग्लेन्टीजजवळचे. दीक्षा 1937 ची. त्यानंतरची वर्षं इंग्लंडमध्ये गेली. तिथे पोट भरायला आलेल्या आयरिश मजुरांमध्ये त्यांनी काम केलं. मग चार वर्षं टोरी बेटावर, तेही डॉनेगॉलच्याच किनाऱ्यापलीकडचं. म्हणजे माणसं गाव सोडून जातात तेव्हा ती कुठे पोहोचतात आणि मागे काय उरतं, ही दोन्ही टोकं त्यांनी आधीच पाहिलेली होती. मला वाटतं, पुढे त्यांनी ज्या घाईने कामं उरकली त्या घाईचं मूळ इथे आहे.

देशाची अवस्था आकड्यांतच दिसते. 1951 च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या 29 लाख 60 हजार होती. 1961 मध्ये ती 28 लाख 18 हजारांवर आली. दुष्काळ नाही, युद्ध नाही, जन्मदर चांगला, तरी माणसं कमी. त्या दहा वर्षांत चार लाखांहून जास्त माणसं देशाबाहेर गेली, मुख्यतः ब्रिटनला. पश्चिम किनाऱ्यावरच्या गावांना त्याचा मार सर्वांत जास्त बसला. डॉनेगॉलमधून स्कॉटलंडला बटाटे काढायला हंगामी टोळ्या जाणं तर पिढ्यान्‌पिढ्या चाललेलंच होतं. फरक एवढाच पडला, की आता गेलेला तरुण हंगाम संपल्यावर परतत नव्हता.

मॅकडायर यांनी गावाच्या दुखण्याची यादी केली आणि तिला पाच शाप म्हटलं : उद्योग नाही, नळाचं पाणी नाही, वीज नाही, दवाखाना नाही, पक्का रस्ता नाही.

यादी साधी आहे. कोणत्याही गावच्या पाटलाने केली असती. पण पाचही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. रस्ता नाही म्हणून उद्योग येत नाही, उद्योग नाही म्हणून तरुण राहत नाही, तरुण नाही म्हणून घरं कमी, घरं कमी म्हणून वीज कंपनीला परवडत नाही. अशा गाठीचा कुठला पदर आधी ओढायचा, हाच या प्रकरणातला खरा प्रश्न.

पहिलं काम : सभागृह

पाच शापांच्या यादीत सभागृह नाही. तरी पहिलं काम सभागृहाचं निघालं. 1953 मध्ये गावकऱ्यांनी स्वतः राबून ते उभं केलं. मजुरी कुणी घेतली नाही.

आयरिशमध्ये अशा कामाला ‘मेहल’ म्हणतात. गवत कापायचं असो, पीट खणायचं असो, छप्पर शाकारायचं असो, आज सगळे तुझ्याकडे, उद्या सगळे माझ्याकडे. मराठीत याला नेमका शब्द आहे : इर्जिक. ही रीत दरीत जुनीच होती, पण ती एका घरासाठी किंवा एका शेतासाठी वापरली जायची. सगळ्या गावाच्या मालकीच्या वास्तूसाठी ती लावणं हे नवं होतं.

सभागृहाने गावाला नाच, नाटक, पत्त्यांचा डाव दिला, हे खरंच. हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधारणाऱ्या दरीत तेही थोडं नाही. एकटेपणाला कंटाळून गाव सोडणाऱ्या तरुणाला संध्याकाळी जायला जागा मिळते, ही सेवाच आहे. पण माझ्या दृष्टीने सभागृहाचं मोल दुसरीकडे आहे. गावाला पहिल्यांदा कळलं की आपण मिळून काहीतरी सुरू करतो आणि ते पुरं होतं. सह्या गोळा करायला, बैठक बोलवायला, सरकारी अधिकाऱ्याला बसवून चार गोष्टी ऐकवायला छताखालची जागा झाली. पुढच्या प्रत्येक सेवेसाठी नेमक्या याच गोष्टी लागणार होत्या.

वीज : सह्यांचा खेळ

आयर्लंडमध्ये खेड्यांच्या विद्युतीकरणाची राष्ट्रीय योजना 1946 मध्ये सुरू झाली. पहिला खांब त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डब्लिन काउंटीत उभा राहिला आणि 1947 च्या जानेवारीत ओल्डटाउन गावात पहिले दिवे लागले. लाखो खांब लागले. त्यांतले बहुतेक फिनलंडहून जहाजाने आले, आणि खड्डे माणसांनी पहारी-फावड्यांनी खणले.

योजनेची पद्धत नीट समजून घ्यायला हवी, कारण ती आजच्याही अनेक ग्रामीण योजनांत दिसते. साधारण एक धर्मपरगणा, म्हणजे एका चर्चखालचा मुलूख, हे एकक. वीज हवी असेल तर गावाने समिती नेमायची, घरोघर जाऊन किती जण जोडणी घेणार ते लिहून घ्यायचं. मग वीज मंडळाची माणसं येऊन खात्री करणार. प्रत्येक घरावर ठरावीक आकार बसे. तो घर आणि गोठा-कोठारांच्या क्षेत्रफळावरून काढत, वीज जाळा किंवा न जाळा. ज्या परगण्यात खर्चाच्या मानाने असं उत्पन्न जास्त, त्याचा नंबर आधी.

यात तोटा कुणाचा, हे सांगायला नको. घरं विखुरलेली, लोक गरीब, त्यात काही घरं कुलूपबंद, मालक ग्लासगोत. ज्यांना वीज सर्वांत जास्त हवी, त्यांचा नंबर सर्वांत शेवटी. केरी काउंटीतल्या ब्लॅक व्हॅली या दरीला वीज पोहोचायला 1970 चं दशक उजाडावं लागलं.

सह्या मिळवणंही सोपं नव्हतं. ठरावीक आकाराची धास्ती होती. गवताच्या छपराला तारेने आग लागेल ही भीती होती. बऱ्याच गावांत आधी हो म्हणणारी घरं खांब दारात आल्यावर मागे फिरत, आणि मंडळाच्या दप्तरात त्यांच्यासाठी वेगळा शब्दच होता. अशा वेळी सही टिकवायला शेजाऱ्याची भीड लागते, आणि ती भीड मागे एका कामात खांद्याला खांदा लावून राबलेल्यांमध्ये असते. ग्लेनमध्ये (ग्लेनकोलमकिलचं हे छोटं नाव) सभागृहानंतर वीज आली हा क्रम मला योगायोग वाटत नाही.

1950 च्या दशकातच दरीत दिवे लागले. आयरिश स्वयंपाकघरात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली तेलाचा लाल दिवा तेवत असे. वीज आल्यावर बहुतेक घरांत पहिल्यांदा बदलला तो हा दिवा. तेलाच्या जागी इवलासा लाल बल्ब, आणि तोही दिवसरात्र चालू. नव्या सेवेला घरात शिरायला जुन्याच कोनाड्यातून वाट मिळाली.

पाणी, दवाखाना, रस्ता

पाण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विहिरीवरून बादल्या वाहायचं काम बायकांचं होतं, आणि निर्णय पुरुषांच्या बैठकीत होत. 1961 मध्येही ग्रामीण आयर्लंडमधल्या निम्म्याहून जास्त घरांत नळ नव्हता. सरकारने नळयोजनांचा आग्रह धरला तेव्हा शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने विरोध केला. कारण काय, तर स्थानिक कर वाढतील. आयर्लंडच्या ग्रामीण महिलांच्या संघटनेने मात्र नळासाठी देशभर मोहीम चालवली. घरात वीज असेल तर पंप बसतो, पंप असेल तर स्वयंपाकघरात तोटी येते, हे त्या प्रदर्शनं भरवून दाखवत. पुढे शेजारीपाजारी मिळून समिती, वर्गणी, स्वतः खणलेले चर आणि वर सरकारी अनुदान, अशा सामुदायिक पाणीयोजना आयर्लंडभर पसरल्या. त्यांतल्या शेकडो आजही गावंच चालवतात.

ग्लेनमध्ये नळ आला, रस्ते डांबरी झाले, दवाखान्याची सोय झाली. या तिन्ही गोष्टी अर्ज, शिष्टमंडळं आणि चिकाटी यांच्या जोरावर मिळाल्या. एक बाजू मात्र उलट्या दिशेने चालली होती. 1893 पासून किलिबेग्सपर्यंत येणारी अरुंद रुळांची रेल्वे 1959 च्या शेवटच्या दिवशी बंद झाली. दरीतला रस्ता सुधारला त्याच सुमारास दरीपासून सर्वांत जवळचं स्थानक गेलं. एका हाताने मिळतं ते दुसऱ्या हाताने जातं, हे गावाच्या सेवांचा हिशेब मांडणारे सहसा एका पानावर लिहीत नाहीत, कारण ती खाती वेगवेगळी असतात. माणूस मात्र एकच असतो. त्याला किलिबेग्सहून पुढे जायचं असतं.

उद्योग : जिथे गणित चुकलं

चार शापांवर उतारा सापडला. पाचवा, रोजगाराचा, सर्वांत चिवट निघाला, आणि अभ्यासकाला शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथेच आहे.

विणकामाची परंपरा होतीच. शेजारच्या किलकारमध्ये हातमागावरचं ट्वीड, म्हणजे जाडसर लोकरी कापड, पूर्वीपासून निघत असे. बायकांचं घरबसल्या लोकरीचं विणणं संघटित झालं, विकलं गेलं. त्यातून घरखर्चाला हातभार लागे, पण तरुणांना थोपवून धरण्याइतका पैसा त्यात नव्हता.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकडायर यांनी मोठी उडी घेतली. तुकड्या-तुकड्यांत विभागलेली जमीन एकत्र करून सामुदायिक शेती करायची, असा प्रस्ताव त्यांनी गावापुढे ठेवला. सहा-सात एकरांच्या दगडाळ, पाणथळ शेतीत एका कुटुंबाचं भागत नाही, मग बांध मोडून सगळ्यांनी मिळून का कसू नये? विचार तर्कशुद्ध होता. पण ज्या लोकांच्या आजोबांनी जमीनदाराशी झगडून हा तुकडा मिळवला, त्यांना बांध मोडायला सांगणं म्हणजे काळजाला हात घालणं. योजना कागदावरच राहिली.

त्यातून निघाला मधला मार्ग : जमीन ज्याची त्याच्याकडे, प्रक्रिया आणि विक्री सहकारी. भाजीपाला प्रक्रियेचा कारखाना निघाला. पाठीशी सरकारी साखर कंपनी होती. तिचे प्रमुख जनरल मायकल कॉस्टेलो हे पश्चिमेकडच्या छोट्या शेतकऱ्याबद्दल खरी कळकळ असलेले गृहस्थ. साखर कंपनीची एरिन फूड्स ही शाखा वाळवलेल्या भाज्या विकत असे. ग्लेनचा माल तिथे जाणार होता. 1963 मध्ये मॅकडायर यांनी ‘पश्चिम वाचवा’ अशी हाक देऊन चळवळ उभारली. पश्चिमेच्या इतर गावांतही असे प्रयोग व्हावेत, ही मागणी घेऊन ते सभा घेत फिरले.

मग 1966 च्या सुमारास कॉस्टेलो पायउतार झाले. 1967 मध्ये एरिन फूड्सने हाइन्झ कंपनीशी हातमिळवणी केली. वरच्या मजल्यावरची धोरणं बदलली, आणि दरीतल्या शेतकऱ्याला त्यात विचारायचं कारणच नव्हतं. भाजीवर कारखाना तगला नाही. पुढे तो मासळीकडे वळवावा लागला. किलिबेग्स जवळ असल्यामुळे मासळीला निदान जागेचा आधार होता.

हा कारखाना का घसरला, याची कारणं अनेक दाखवता येतील : हवामान, माती, बाजाराचं अंतर. मला मुख्य कारण बांधणीत दिसतं. गिऱ्हाईक एकच, आणि ते गिऱ्हाईक एका माणसाच्या शब्दावर टिकलेलं. तो माणूस खुर्चीत होता तोवर सगळं सुरळीत होतं. सभागृह बांधताना ज्या गावाने कुणावर विसंबून राहायचं नाकारलं होतं, ते गाव इथे एका दोरीला लोंबकळलं. यात गावाचा दोष काढणं अन्यायाचं होईल. भांडवल नसलेल्या सहकारी संस्थेला दुसरा खरेदीदार तरी कुठून मिळणार होता?

तीन घरं

1967 साली गावाने समुद्राच्या कडेला लोकजीवनाचं संग्रहालय म्हणून तीन घरं बांधली. पुन्हा इर्जिक. एक अठराव्या शतकातल्या माणसाचं घर, दुसरं एकोणिसाव्या, तिसरं विसाव्या शतकातलं. आत त्या-त्या काळाची भांडी, पलंग, अवजारं. बरंचसं सामान गावातल्याच घरांतून आलेलं.

छपरं पाहण्यासारखी आहेत. गवताच्या पेंढ्यांवरून दोरखंडांचं जाळं टाकलेलं, आणि प्रत्येक दोराचं टोक भिंतीच्या वरच्या कडेला बाहेर काढलेल्या दगडी खुंटीला आवळून बांधलेलं. अटलांटिकच्या वाऱ्याला तोंड द्यायची ही रीत. ज्या भागात वारा कमी तिथे गवताचं छप्पर असं बांधावं लागत नाही. आत पहिल्या घरात जमीन मातीची आणि वस्तू मोजक्या. तिसऱ्या घरात येईपर्यंत खोल्या वाढतात, फडताळावर चिनी मातीच्या बशा दिसतात. मध्ये चुलीत पीटचा धूर. पाहुण्याला वाटतं आपण इतिहास पाहतोय. गावातल्या म्हाताऱ्याला ते आजीचं घर वाटत असणार.

हे संग्रहालय सेवांच्या यादीत कसं बसतं? असं, की ते पाहायला माणसं येऊ लागली आणि शेवटच्या गावाचं गणित उलटं झालं. जिथे रस्ता संपतो म्हणून काही येत नव्हतं, तिथे नेमकं रस्ता संपतो म्हणून लोक यायला लागले. शेजारीच पर्यटकांना भाड्याने द्यायची गवती छपरांची घरं उभी राहिली. चहा, हातविणीचे स्वेटर, खोल्या. संग्रहालयाची मालकी गावाकडेच राहिली, आणि ते आजही चालू आहे.

1984 मध्ये लिअम ओ कनिगान आणि शोसव वॉटसन यांनी इथे प्रौढांसाठी आयरिश भाषेचं विद्यालय काढलं. परदेशातून, आयर्लंडच्या शहरांतून माणसं आठवडाभर राहून भाषा शिकतात. सोबत डोंगर चढणं, नाच, विणकाम. जी भाषा मागासलेपणाची खूण मानून आईबाप मुलांना बोलू देत नसत, तीच आता दुकान, खानावळ आणि भाड्याच्या खोल्या चालवते. मॅकडायर 1987 मध्ये गेले. हे विद्यालय त्यांच्या योजनेत नव्हतं, दुसऱ्यांनी काढलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. एकाच माणसाभोवती तीस-पस्तीस वर्षं फिरलेल्या गावाबद्दल पहिली शंका तीच असते, की तो गेल्यावर काय. शिवाय धर्मगुरूच्या शब्दाला त्या काळी जो दरारा होता, त्यामुळे किती जणांनी मनापासून हो म्हटलं आणि किती जणांनी भिडेपोटी, हा प्रश्न उरतोच. सभागृहातल्या सहीपासून तो लागू होतो.

आताचा हिशेब

पाच शापांची जागा आता वेगळ्या यादीने घेतली आहे, आणि ती सगळ्या ग्रामीण आयर्लंडची आहे. 2012 आणि 2013 मध्ये मिळून देशातल्या 139 पोलीस चौक्या बंद झाल्या. 2018 मध्ये 159 टपाल कार्यालयांना कुलूप लागलं. तिथल्या पोस्टमास्तरांना निवृत्तीचा मोबदला देऊन ती आवरली गेली. 2021 मध्ये बँक ऑफ आयर्लंडने आयर्लंडमधल्या 88 शाखा बंद केल्या. विजेच्या वेळी होतं तेच मोजमाप इथेही आहे : खर्च भागेल इतकी माणसं आहेत का?

टपाल कार्यालयांसाठी ठरलेला निकष असा होता, की वस्ती पाचशेच्या वर असेल किंवा जवळचं दुसरं कार्यालय 15 किलोमीटरपेक्षा दूर असेल, तर सेवा ठेवायची. कागदावर 15 किलोमीटर म्हणजे गाडीने पंधरा-वीस मिनिटं. पण वृद्धांचं निवृत्तिवेतन शुक्रवारी टपालात मिळतं, आणि ज्यांना ते घ्यायचं असतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी गाडी चालवणं सोडलेलं असतं. शिवाय शुक्रवारचं ते अर्ध्या तासाचं जाणं म्हणजे फक्त पैसे मोजून घेणं नव्हे. गेल्या आठवड्यात दिसलेला माणूस या शुक्रवारी दिसला नाही, तर कुणीतरी त्याच्या दारावर थाप मारतं. या कामाचा खर्च कुठल्याच खात्याने कधी मांडला नाही, म्हणून ते बंद झाल्याची नोंदही कुठे होत नाही.

त्यातल्या त्यात चांगली गोष्ट ग्रामीण बससेवेची. 2002 मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झालेली ग्रामीण वाहतूक योजना आज लोकल लिंक या नावाने देशभर चालते. गावकऱ्यांच्या गरजेनुसार वेळा, काही ठिकाणी दारातून उचलण्याची सोय. जिल्ह्याचं मोठं रुग्णालय लेटरकेनीला, शंभराच्या आसपास किलोमीटर दूर. तिथल्या तपासणीची वेळ सकाळी असेल तर अशा बसची किंमत कुणालाही समजावून सांगावी लागत नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती मोजणीची वेळ. जुलैमध्ये ग्लेनमध्ये भाषा शिकणाऱ्यांची, संग्रहालय पाहणाऱ्यांची, जवळच्या स्लीव्ह लीग डोंगराचे सहाशे मीटर उंच समुद्रकडे बघून आलेल्यांची वर्दळ असते. खानावळीत जागा मिळत नाही, दुकानाचं दार मिटत नाही. फेब्रुवारीत तेच गाव काही शेकड्यांवर येतं, सुट्टीच्या घरांच्या खिडक्या काळ्या दिसतात, आणि वारा छपरांचे दोर ताणत राहतो. डॉक्टर, टपाल, शाळेची बस फेब्रुवारीतल्या माणसांना लागते. ती माणसं तिथे राहतात म्हणूनच जुलैतल्या पाहुण्यांना गाव सापडतं.